एक मुलगी, दोन संघ, सात नंबर

शनिवार, १४ जुलै २००७. स्थळ : इंग्लंडात, बेसिंगस्टोकपासून चाळीस मिनिटांवरचं एक ओलं मैदान. उपस्थित : मी, नवरा श्रीकांत, जळगावहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, मुलगी सई (वय पंधरा) आणि सईचे दोन सॉफ्टबॉल संघ.

एका मुलीला एका वेळी एकच संघ असतो, ही माहिती आम्हाला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मिळाली.

सुरुवात माझ्या एक्सेल शीटने झाली. (आमच्या घरात सगळ्याची सुरुवात तिथूनच होते. आमचं लग्नही तिथूनच ठरलं असतं, पण तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. श्रीकांत वाचला!) सई सॉफ्टबॉलमधली पिचर, म्हणजे हात रहाटासारखा गोल फिरवून खालून चेंडू फेकणारी. तो इतका जोरात जायचा की आमच्या कुंपणाच्या तीन फळ्या शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या होत्या. श्रीकांतला ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की अशा मुलींना अमेरिकेतली कॉलेजं स्वतः शोधत येतात. मुलगी फक्त चांगल्या ट्रॅव्हल टीममध्ये हवी. ट्रॅव्हल टीम म्हणजे दर वीकेंडला मुलींना खेळायला आणि पालकांना ओल्या खुर्च्यांवर बसायला देशभर फिरवणारा संघ. सईने ते फारच मनावर घेतलं. भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लागला. मी शीट उघडलं.

आमच्या आसपास असे संघ दोनच होते : लाल शर्टांच्या हेजहॉग्ज आणि निळ्या शर्टांच्या हेरॉन्स. दोन नावांसाठी मी एकोणीस रकाने आखले. अंतर, कोचचा स्वभाव, टॉयलेटची अवस्था आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'रिझल्ट'. किती मुली अमेरिकेला गेल्या? हेरॉन्स : एक. हेजहॉग्ज : शून्य, पण एक मुलगी फ्रान्सला सहलीला गेली होती. हेरॉन्सकडे आधीच तीन पिचर होत्या. हेजहॉग्जकडे एकही नव्हती.

"मला हेजहॉग्ज हवेत," सई म्हणाली. "तिथे मला पिचिंग मिळेल. आणि ते मुली खूप हसतात."

"त्या मुली," मी म्हटलं. "आणि हसण्याचा रकाना नाहीये."

एकोणीस रकान्यांची बेरीज केली. दोन्ही संघांना एकशे बारा!

"मग दोन्हीकडे फॉर्म भरून टाक," श्रीकांत म्हणाला. "यादी लागली की बघू."

इथे एक खुलासा करायला हवा. आम्ही पुण्यात ॲडमिशनच्या रांगांमध्ये लहानाचे मोठे झालेलो लोक. बारावीनंतर मी सात कॉलेजांचे फॉर्म भरले होते, श्रीकांतने नऊ. फॉर्म भरणं वेगळं आणि प्रवेश घेणं वेगळं, हे आमच्या रक्तात आहे. आधी पहिली यादी लागते, मग दुसरी, मग मामाच्या ओळखीची. मी दोन्ही फॉर्म सुवाच्य अक्षरात भरले, दोन्हीकडे 'शर्टाचा नंबर' समोर सात लिहिलं आणि यादी लागायची वाट बघत बसले.

यादी काही लागली नाही. आठवड्याभरात दोन पार्सलं आली. एकात लाल शर्ट, पाठीवर सात, वर SAI. दुसऱ्यात निळा शर्ट, पाठीवर सात, वर SAI.

"आई," सई म्हणाली, "फॉर्म भरला म्हणजे जॉइन केला. इथे असंच असतं."

"असं कसं? त्यांनी आपल्याला निवडायला नको?"

"त्यांना संघापुरत्या नऊ मुली मिळत नाहीत गं!"

मी लगेच माझ्या कामांच्या यादीत लिहिलं : 'काम क्र. ५ – एका संघाला नाही कळवणे.' पण कुणाला? हेजहॉग्जच्या कोच जेनेटने ईमेलच्या शेवटी तीन एक्स घातले होते. (त्या पाप्या असतात, हे सईने सांगितलं. मी त्या नापासाच्या फुल्या समजले होते.) हेरॉन्सचे कोच कीथ महिन्यातून सहा शब्द बोलणारे, त्यांनी स्वतः फोन केला आणि सहाही शब्द एकदम खर्च केले : "डिलायटेड टु हॅव हर विथ अस." अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी आपल्या पद्धतीने म्हटलं, "वी विल लेट यू नो."

आता आपल्याकडे 'कळवतो' म्हटलं की समोरचा काय ते समजतो. पुन्हा म्हणून तोंड दाखवत नाही. कीथ म्हणाले, "लव्हली. सी यू थर्सडे."

हेजहॉग्जची प्रॅक्टिस मंगळवारी, हेरॉन्सची गुरुवारी. क्लॅश नाही! सई दोन्हीकडे जाऊ लागली. काम क्र. ५ दर रविवारी पुढच्या आठवड्यात सरकू लागलं.

आणि मग बातमी आली, की जुलैच्या स्पर्धेला अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोच मुली बघायला येणार आहेत. सईने जेवण सोडलं. सासूबाईंनी तिच्यासाठी दशम्या केल्या. मी वेळापत्रक केलं : लाल संघ दहा वाजता, निळा संघ साडेबाराला. गाडीत शर्ट बदलायला चार मिनिटं. (गॅरेजमध्ये तालीम घेतली होती. तीन मिनिटं चाळीस सेकंद!)

शुक्रवारी पाऊस झाला. एक मैदान पाण्याखाली गेलं. शनिवारी पोचलो तर फळ्यावर नवीन वेळापत्रक : दहा वाजता, हेजहॉग्ज विरुद्ध हेरॉन्स.

डावीकडून जेनेट हात हलवत होती. उजवीकडून कीथ हात हलवत होते. मी दोघांनाही हात हलवला. सई गाडीत निळ्या शर्टावर लाल शर्ट चढवून रडवेली होऊन बसली होती.

"मला लाज वाटतो, आई!"

"वाटते," मी म्हटलं.

"तुलाही? गुड!"

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? अर्धा वेळ इकडून खेळ, अर्धा वेळ तिकडून. आमच्या गल्लीत मुली कमी पडल्या की तसंच करायच्या." (जळगावला सासूबाईंच्या शेजारच्या दोन मुली सॉफ्टबॉल खेळायच्या, त्यामुळे मैदानावर नियम माहीत असलेल्या आम्हा मोठ्यांतल्या त्या एकट्याच.)

"श्रीकांत," मी फर्मावलं, "जा. कीथना नाही म्हणून ये. साफ!"

श्रीकांत गेला. लांबून दिसलं, दोघांनी हस्तांदोलन केलं, आकाशाकडे बघितलं, चहा प्यायला. श्रीकांत हसतमुखाने परतला.

"सांगितलंस?"

"हो."

"काय?"

"म्हटलं, कळवतो."

तेवढ्यात लाउडस्पीकरवर नावं सुरू झाली. "हेजहॉग्ज, नंबर सात, सई!" टाळ्या. "हेरॉन्स, नंबर सात..." मोठा पॉज. "...सई." पहिल्या रांगेत टोपी घातलेल्या अमेरिकन बाईंनी वहीतून मान वर केली आणि नेमकं श्रीकांतला विचारलं, "ट्विन्स?"

या माणसाने आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. तो म्हणाला, "दे आर व्हेरी सिमिलर."

बाईंनी वहीत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या!

आता मी काय करावं? मी पर्समधून यादी काढली. खरंच काढली. काम क्र. ५ कडे बघत उभी राहिले, जणू ते स्वतः उठून कीथकडे जाणार होतं. तेवढ्यात माझ्या बाजूने काहीतरी निळं गेलं. सईने आतला शर्ट ओढून काढला होता, नीट घडी घातली होती (घडी माझ्या पद्धतीची, बाह्या आत) आणि ती सरळ मैदान ओलांडून कीथसमोर उभी राहिली.

"आय ॲम सॉरी, कीथ. मी हेजहॉग्जकडून खेळणार आहे. मला पिच करायचंय. मी आधीच सांगायला हवं होतं."

वीस सेकंद! मला जे तीन महिन्यांत आणि एकोणीस रकान्यांत जमलं नाही, ते पोरीने वीस सेकंदांत उरकलं. कीथनी घडी केलेला शर्ट बघितला, सईकडे बघितलं आणि शर्ट परत तिच्या हातात दिला.

"नो रश," ते म्हणाले. "लेट मी नो."

मग जो सामना झाला तो असा : कीथनी तीन महिने दर गुरुवारी सईचा प्रत्येक चेंडू पाहिलेला, त्यामुळे ती काय टाकणार हे हेरॉन्सना पाठ. आणि सईला त्या नऊ जणी कुठे चुकतात ते पाठ. सासूबाई जाळीला नाक लावून ओरडत होत्या, "खाली टाक, सई! हिला खालचा दिसत नाही!" निळ्या मुली चकित होऊन मागे बघत होत्या, तेवढ्यात चेंडू जात होता. सईने सात जणींना बाद केलं. हेजहॉग्ज तरीही हरल्या, कारण त्या खरंच खूप हसतात, आणि हसताना झेल सुटतात.

सामना संपल्यावर अमेरिकन बाई आल्या. सईला म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे. तू त्या कोचशी जाऊन बोललीस, तेही पाहिलं मी." तिला एक फॉर्म दिला. मग माझ्याकडे वळून अगदी आस्थेने विचारलं, "दुसरी मुलगी कुठे आहे? ती का नाही खेळली?"

मी म्हटलं, "वी विल लेट यू नो."

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली. सईने तो फॉर्म स्वतः भरला. दर सीझनला त्या बाईंना व्हिडिओ पाठवला. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, सई "येस" म्हणाली, फोन ठेवला आणि टोस्ट खायला बसली. सप्टेंबरच्या आत ती अमेरिकेत असेल. नकाशावर टाचणी लागली आहे.

फक्त एक छोटीशी भानगड आहे. इथल्या विद्यापीठांच्या अर्जात पाच नावं लिहायची सोय असते. (या देशातला मला मनापासून आवडलेला हा एकमेव फॉर्म!) सईच्या वतीने, नुसतं असावं म्हणून, मी पाचही रकाने भरले होते. पाचही ठिकाणी प्रवेश मिळाला. एडिनबराहून तर फारच गोड पत्र आलंय.

त्यामुळे या रविवारची यादी अशी : क्र. ५ – कीथना शर्ट परत करून नाही कळवणे. क्र. ६ ते १० – विद्यापीठं. निळा शर्ट इस्त्री करून दाराजवळ ठेवला आहे, फोन हातात आहे, नंबरही काढून ठेवला आहे.

सई म्हणते, "मी करू का फोन? वीस सेकंद लागतात."

मी म्हटलं, "बघते. कळवते तुला."