मास्तरणीचा खोकला

आमच्या इमारतीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेशी तिचा संबंध चौथीतच सुटला होता. तिचा नवरा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा, हाताला गुण होता म्हणून लोक त्याला मास्तर म्हणू लागले, आणि ती आपोआप मास्तरीण झाली. "पदवी लग्नात मिळाली, शिक्षण राहूनच गेलं," असं ती हसत म्हणायची. पुढे शिक्षणही झालं तिचं. ते कसं झालं, हे मला फार उशिरा कळलं. मी त्यांच्या अगदी खालच्या मजल्यावर राहते.

मास्तर कामाला खरंच पक्का होता. "बर्नर नीट पेटत नाही" असं कुणी सांगितलं की तो लगेच पाना काढायचा नाही. आधी लायटर मारायचा आणि ज्योतीकडे बघत उभा राहायचा. एकाच बाजूनं पेटली तर भोकांत उतू गेलेलं दूध वाळून बसलंय. पिवळी आली, भांड्याला काजळी धरली, तर हवा नीट मिळत नाही. फुरफुर करून विझली तर गॅस सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये कचरा. निम्म्या घरांत तर बर्नर धुऊन ओलाच बसवलेला असायचा. तिथं तो बाईला काही बोलायचा नाही. फडकं मागायचा, बर्नर कोरडा करून बसवायचा आणि "झालं, वहिनी" म्हणून निघायचा.

मग एका वर्षी त्याला ताप आला. दहा दिवसांनी ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. मास्तरणीला ते कळलं असं, की ती दूध तापत ठेवून गच्चीवर कपडे काढायला गेली होती. परत येताना जिन्यातच तिला गॅसचा वास आला. धावत आत गेली तर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, गॅस सुरूच, आणि मास्तर शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेला. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. तो म्हणाला, "काय गं, काय झालं?"

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. सहा महिने वाट पाहिली. आला नाही.

"कुणाला सांगू नकोस," मास्तर म्हणाला. "नाक नसलेल्या गॅसवाल्याला कोण घरात घेईल?"

साबणाच्या पाण्यानं गळती बघता येते, पण ती नळीच्या सांध्यांवर. बटणाच्या आत जो कॉक असतो, त्यातून झिरपणारा गॅस आधी नाकालाच कळतो. म्हणून मास्तरीण त्याच्याबरोबर जाऊ लागली. लोकांना सांगायला कारण एकच, "यांची पाठ दुखते, पिशवी मी धरते." खूण ठरली ती खोकल्याची. वास आला की तिनं खोकायचं. मग तो सहज आठवल्यासारखं म्हणायचा, "थांबा, एकदा कॉक बघून घेतो," आणि उघडायचा. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, नुसत्या अंदाजानं ओळखतो. तिच्याबद्दल मात्र बोलायचे की मास्तरणीला दमा दिसतोय. दोघीतिघींनी तिला काढ्याच्या कृती लिहून दिल्या होत्या. त्या तिनं मला दाखवल्या तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. तिला खरंच दमा आहे असं तेव्हा मला वाटायचं, मी हसले ते त्या अचाट कृतींना.

असं नऊ वर्षं चाललं. पिशवी धरता धरता तिला सगळं यायला लागलं. जेट तारेनं साफ करणं, कॉकला नवं ग्रीस लावणं, कडक झालेली नळी बोटांनी ओळखणं. घरी आणलेल्या शेगड्या तर तीच उघडायची. मास्तरला ते चालायचं, मात्र दार लावून. कुणी आलं की तिच्या हातातला पाना तो आपल्या हातात घ्यायचा.

नर्सबाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. घरात त्या, त्यांची म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. बर्नर पेटत नाही, पेटला तर ज्योत वरखाली होते, अशी तक्रार गॅस एजन्सीतून मास्तरकडे आली. सिलिंडर पोचवणारी ती एजन्सीच त्याला कामं द्यायची. दोघं सकाळी गेले. मास्तरनं जेट साफ केला, बर्नर घासला, बटण जड फिरत होतं म्हणून कॉकही उघडून ग्रीस लावलं. सगळं परत बसवलं. ज्योत निळी, नीटस आली. मग त्यानं बटण बंद केलं.

मास्तरणीला वास आला. ती खोकली.

मास्तरनं लक्ष दिलं नाही. ती पुन्हा खोकली. नर्सबाईंचा भाऊ दारात उभा होता, बोलक्या स्वभावाचा. तो म्हणाला, "मास्तर, वहिनींना दवाखान्यात दाखवा हो. का आता पिशवीबरोबर खोकलापण देता गिऱ्हाइकाला?" सगळे हसले. आदल्याच दिवशी चहाच्या टपरीवर मास्तरला कुणीतरी बायकोच्या पदराला बांधलेला म्हणालं होतं, ते त्याच्या डोक्यात होतंच. ती तिसऱ्यांदा खोकली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू बाहेर जाऊन बस जरा."

नर्सबाईंनी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि बाहेर जाऊन बसली.

घरी येताना ती म्हणाली, "कॉकमधून येत होता वास."

"उघडल्यावर राहतो थोडा आत. उडून जातो."

"तसला नव्हता तो."

"तीस वर्षं मी करतोय हे काम का तू?" तो म्हणाला.

दुपारी मात्र ती चप्पल घालून जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेली होती. जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? माझा नवरा चुकला, त्याला वास येत नाही, नऊ वर्षं आम्ही तुम्हा सगळ्यांना फसवतोय? ती पायरीवर बसली. मी भाजी घेऊन येत होते. विचारलं, "काय गं, बरं नाही का?" म्हणाली, "जरा हवा खातेय." आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई ड्यूटीवर होत्या. रात्रभर बंद असलेल्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या आईनं चहाला आधण ठेवलं आणि लायटर मारला. ओट्यावर भक्कन जाळ झाला. भाऊ घरात होता, त्यानं टॉवेल टाकून विझवला म्हणून निभावलं. तरी म्हातारीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पुढचे केस आणि भुवया गेल्या.

तीन दिवसांनी एजन्सीच्या साहेबानं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. नर्सबाई आल्या, भाऊ आला, मास्तर आणि मास्तरीण गेले. साहेबानं विचारलं, "कॉक तपासला नव्हता का?"

मास्तर म्हणाला, "साहेब, खरं सांगतो. माझं नाक गेलंय. वास बघायचं काम हिचं असतं. हिनं सांगितलं असतं तर मी तसं सोडून आलो असतो का?"

मास्तरीण मला सांगत होती, "ऐकून आधी सुटल्यासारखंच वाटलं बघ. म्हटलं, निघालं एकदाचं बाहेर. मग कळलं की हे बोलतायत काय."

नर्सबाईच म्हणाल्या, "थांबा. या सतत खोकत होत्या. मी पाणी दिलं यांना."

"त्याचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाला.

"तीच आमची खूण होती," मास्तरीण म्हणाली. "वास आला की मी खोकायचं."

भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. साहेबानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, "लोकांच्या घरात जाऊन खाणाखुणा करता तुम्ही?" एजन्सीचं काम त्याच दिवशी बंद झालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच म्हातारीला बघायला गेली. नर्सबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या, पण "या" म्हणाल्या नाहीत. म्हातारी कॉटवर उशीला टेकून बसली होती. हातभर पट्टी होती.

"तूच ना ती खोकणारी?" म्हातारीनं विचारलं.

"हो, आजी."

"तुला वास आला होता."

"आला होता."

"मग तोंड होतं ना तुला? बोलली का नाहीस?"

मास्तरणीनं खरं तेच सांगितलं. "चारचौघांत त्यांचं नाक राखायचं होतं, आजी."

म्हातारीनं पट्टी बांधलेला हात मांडीवरून थोडा उचलला. "आणि हे?" एवढंच म्हणाली.

हे सांगताना मास्तरीण रडली नाही. मला म्हणाली, "ऑफिसात माझ्यावर खोटा आळ आला, तो नर्सबाईंनी पुसला. म्हातारीनं घातला तो खरा होता. तो कोण पुसणार?"

मास्तर त्यानंतर घरातच बसला. दोन महिन्यांनी तिनं पिशवी उचलली आणि ओळखीच्या घरांपासून सुरुवात केली. आधी लोक बिचकले. पण ती प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावते, अर्धा तास बसून राहते आणि जे असेल ते तोंडावर सांगते. कुणाच्या ओट्याखालची नळी जुनी झाली असेल तर नवी बसवल्याशिवाय सिलिंडर जोडूनच देत नाही. त्यावरून दोघातिघांशी भांडणंही झाली. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "सगळी माझीच विद्या. मला घरात बसवून ही मास्तर झाली." ते ती ऐकते आणि त्याच्यापुढे ताट ठेवते. जेवायला मात्र स्वतः गॅलरीत जाऊन बसते. आधी दोघं एकत्र जेवायचे, त्यांच्या गप्पा मला खाली ऐकू यायच्या.

म्हातारीकडे ती जात राहिली. हात बरा झाला, पण बोटं आखडली, पूर्ण मिटत नव्हती. पुढचे केस परत आले, पण म्हातारीला स्वतःची वेणी घालता येईना, आणि नर्सबाई सकाळी सातला बाहेर पडायच्या. मास्तरीण एक दिवसाआड जाऊन वेणी घालून द्यायची. मी एकदा विचारलं, "माफ केलं का म्हातारीनं?"

"छे गं," ती म्हणाली. "वेणी घालायला माणूस लागतं, म्हणून येऊ देते. ओढलं की ओरडते मला."

स्वयंपाकघरात तिला कुणी पाऊल टाकू देत नव्हतं. तिथं विजेची शेगडी आली होती. वर्षभर असं चाललं. मग नर्सबाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. सामान भरायच्या दिवशी मास्तरीण गेली, शेवटची वेणी घातली. म्हातारी टेम्पोत बसली आणि समोर बघत राहिली.

मास्तरणीनं भावाला नवा पत्ता विचारला.

"कशाला?" तो म्हणाला.

"असंच. कधी त्या बाजूला आले तर."

"बघू, कळवतो," तो म्हणाला, आणि टेम्पोचं फळकूट वर करून कडी लावायला लागला.

तिनं मला हे सांगितलं त्याला आता दोन वर्षं होतील. पत्ता आलेला नाही.