बाबांची बारा मिनिटं

माझ्या भावाला त्याच्या धंद्यातले लोक ‘डबल’ म्हणतात. तो लग्नांचे, मुलाखतींचे व्हिडिओ एडिट करतो आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती ठेवतो, एक त्याच्या खोलीत आणि एक माझ्या कपाटात. उद्या एका घराला आग लागली तरी गिऱ्हाईक रडायला नको, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि महिन्यातून एकदा सगळ्या लावून तपासायच्या. पठ्ठ्याला स्वतःचे मोजे जोडीने सापडायचे नाहीत, पण दहा वर्षांपूर्वी कुणी वाढदिवसाचा केक कापलेला दोन मिनिटांत काढून द्यायचा.

बाबा पंचाहत्तर वर्षांचे झाले तेव्हा दादाने चार रविवार त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घरात त्यांच्या तोंडून नुसतं ‘हं’ निघालं तरी आम्ही समजायचो, आज स्वारी खुशीत आहे. पण कॅमेऱ्यासमोर काय झालं कुणास ठाऊक, माणूस पाच तास बोलला! त्यातून दादाने बारा मिनिटांची फिल्म केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

दोन वर्षांनी मला अवदसा आठवली. कपाटात चादरी मावेनात, म्हणून मी दादाला फोन करून तोंडाचा पट्टा सोडला. “माझं कपाट म्हणजे तुझं गोदाम आहे का रे? कमी कर ती डबडी, नाहीतर देते भंगारात!” तो बिचारा आला, पिशवी भरली, गेला.

गिऱ्हाइकांच्या कामाला हात लावणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने घरच्या कामांतून जागा काढली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. फिल्ममध्ये वापरलेले तुकडे तेवढे ठेवायचे आणि बाकीचं सगळं गाळून टाकायचं. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना फक्त एकेक सेकंद जास्तीचा राहतो. बाबांच्या पाच तासांचं त्याने तेच केलं. आणि हा पडला शिस्तीचा माणूस, त्याच संध्याकाळी दुसरी प्रतही तशीच करून मोकळा झाला. माझ्या कपाटात तीन चादरी मावल्या.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी एका दुपारी आई दादाच्या खोलीत आली. मी तिथेच होते. खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, “तू त्यांचं शूटिंग करत होतास ना, तेव्हा ते माझ्याबद्दल काहीतरी बोलले होते रे. मी आत मिक्सरचं बटण दाबतच होते. ‘तुझी आई’ एवढंच कानावर आलं. मी घाईघाईने मिक्सर बंद केला, तोवर ते दुकानाच्या गोष्टीवर गेले होते. तेव्हा विचारायची लाज वाटली. तेवढं लाव ना मला.”

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात बाबांनी तिला एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं. भाजी आवडली की पुन्हा वाढून घ्यायचे, झालं.

दादाने हातातला माऊस बाजूला सरकवला. “आई, मिक्सरचा आवाज फार होता. तो भाग मी फिल्ममध्ये घेतलाच नाही.”

“फिल्ममधलं नकोच आहे मला. तुझ्याकडे सगळं असतं की. दोन-दोन.”

त्याने एक डिस्क लावली. मग, उपयोग नाही हे माहीत असून, दुसरीही लावली. शेवटी त्याला त्या बोलण्याच्या आधीचा तुकडा सापडला. पडद्यावर बाबा चष्मा पुसत होते. पहिल्या नोकरीचं बोलणं संपलं, बाबा किंचित हसले, म्हणाले, “आणि तुझी आई...” मिक्सर घरघरला आणि चित्र थांबलं. तो उरलेला एक सेकंद होता.

“परत लाव,” आई म्हणाली. त्याने पाच वेळा लावलं.

मेल्या जिभेला हाड नाही माझ्या! जरा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? मी आईला सगळं सांगून टाकलं, कपाटाचं, फोनचं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती दादाकडे वळली.

“बरं, ते राहू दे. तू तर समोरच होतास. तूच सांग, काय म्हणाले?”

दादाने डोकं दोन्ही हातांत धरलं. “आई, माझ्या कानाला हेडफोन होता. मिक्सर किती येतोय, तेच ऐकत होतो मी. एडिट करताना पण तेच. बाबा काय म्हणाले ते...”

आई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.

“आठवून बघ ना,” ती म्हणाली. “घाई नाही काही. चांगलं बोलले की वाईट, एवढं आठवलं तरी पुरे.”