धुक्यातला समुद्र

ओरेगॉनहून परतून सहा महिने झाले, तरी माझ्या बुटांतून अजून वाळू निघते. तिथल्या गोष्टींचंही तसंच. काकू एक सांगायला घेते आणि तिच्यातून चार सांडतात.

काकांची नजर हळूहळू जात होती. जेमतेम वर्षभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी बाबांना मोठा समुद्र दाखवायचा, म्हणून नेहाने, त्यांच्या मुलीने, ते महागडं लॉज बुक केलं. मागे वाळवंटासारख्या टेकड्या, पुढे पॅसिफिक, आजूबाजूला कुणी नाही. गाडी चालवायला मी, पुतण्या.

*

पहिल्या सकाळी धुकं. खोलीची अख्खी भिंत काचेची आणि काचेपलीकडे नुसतं दूध. नेहा सारखी सॉरी म्हणत होती, जणू धुकंही तिनेच बुक केलं होतं.

काका मात्र खुशीत. "चला, आज सगळ्यांना माझ्याइतकंच दिसतंय!"

*

दुपारी मॅनेजरबाई आल्या. खोली आवडली नाही का, रात्री कुठे झोपलात, असं त्यांनी काळजीने विचारलं. झालं होतं असं, की सफाईवाले यायच्या आधीच काकूने पलंग आवरला होता, कप विसळून पालथे घातले होते, आणि टॉवेल तर आम्ही घरूनच नेले होते.

"पसारा बघून काय म्हणाले असते ते?" काकू म्हणाली. नेहाने हे इंग्रजीत सांगितलंच नाही.

*

संध्याकाळी टेकडीवर गालिचे अंथरून सगळ्या पाहुण्यांना सरबत देतात. काकांनी सवयीने चपला काढून कडेला जोडून ठेवल्या. शेजारच्या अमेरिकन जोडप्याने त्यांचं बघून बूट काढले. मग बाकीच्यांनीही. थोड्या वेळाने धुक्यात सात-आठ जोड ओळीने उभे होते आणि सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागले होते.

*

तिसऱ्या दिवशी फिरताना वाट चुकली. चहूकडे सारखंच पांढरं, फोनला रेंज नाही. मी काकांचा हात धरून कधी इकडे, कधी तिकडे वळत होतो.

"सोड," काका म्हणाले. "आता मी तुझा धरतो." पायाखालची वाळू चाचपत, लाटांचा आवाज डाव्या कानाला ठेवत त्यांनी आम्हाला थेट लॉजच्या पायरीशी आणलं.

*

शेवटच्या दिवशी निघायला अर्धा तास उरला असताना धुकं विरलं. समोर टोकापर्यंत निळं पाणी. नेहा धावत आली, तिने काकांना डेकवर नेलं, खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवली.

काकांनी खुर्ची चाचपली, उचलली आणि उलटी फिरवली. मागे दाराशी काकू बसून प्रवासाचा डबा भरत होती.

"अहो, समुद्र तिकडे आहे," काकू म्हणाली.

"तो ऐकू येतोय," काका म्हणाले. "तू जरा उजेडात सरक."