याद्याच्या दहा तबकड्या

शेजारच्या गाळ्यात वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला सगळे याद्या म्हणत. वर्ष संपायला आलं की तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हाताने लिहिलेला एक कागद घेऊन यायचा आणि साठ प्रती मागायचा. कागदावर त्याच्या आवडीचे पंक आणि हार्डकोरचे दहा अल्बम, क्रमाने, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी. ते संगीत मला कधी झेपलं नाही. दीड मिनिटाचं गाणं, गाणारा आपल्याच अंगावर खेकसतोय असं वाटणारं, आणि मागून ड्रम असा की कुणीतरी पाठलाग करतंय. पण याद्याच्या ओळी मी आवडीने वाचायचो. पहिल्या क्रमांकावर वर्षानुवर्षं एकच तबकडी होती, चौदा गाणी आणि एकोणीस मिनिटं. तिच्याखाली त्याने लिहिलं होतं, की ती संपल्यावर खोलीतलं सामान जागच्या जागी आहे याचंच नवल वाटतं. आणखी एका तबकडीत तिसऱ्या गाण्यात गाणाऱ्याला ठसका लागतो आणि तो ठसका काढून न टाकता तसाच ठेवलाय, म्हणून ती चौथी. नाहीतर सातवी असती, असं तो मला गंभीरपणे समजावत असे.

शहरातली वाजवणारी पोरं या कागदाची वाट बघायची, कारण पाठच्या बाजूला याद्या त्यांच्या कॅसेटींचा समाचार घ्यायचा. त्याचा एक नियम होता. कुणाचाही कार्यक्रम बघायचा नाही, कुणाशी ओळख वाढवायची नाही. कॅसेट घरच्या टेपवर लावायची आणि ऐकू येईल ते लिहायचं. वाजवणारा समोर दिसला की माणूस भुलतो, असं त्याचं म्हणणं. बाहेरच्या दहा तबकड्या तो रेकॉर्ड प्लेअरवर ऐकायचा. टेप फक्त या पोरांच्या कॅसेटींसाठी. आणि जवळजवळ दर वर्षी एक वाक्य ठरलेलं असायचं, की आपल्या पोरांना वेग जमत नाही.

त्याची धाकटी बहीण ड्रम वाजवायची. तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. तिघा मित्रांबरोबर दोन गल्ल्या सोडून एका टायरच्या गोडाऊनमध्ये तिचा सराव चाले. सहा गाण्यांची कॅसेट निघाली तेव्हा तिने ती स्वतः याद्याच्या उशीवर नेऊन ठेवली. आतल्या कार्डावर प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं-सेकंद लिहिले होते. त्या वर्षीच्या कागदावर याद्याने लिहिलं, "ड्रमवर बसलेली मुलगी जांभया देत वाजवते. याला हार्डकोर म्हणायचं असेल तर अंगाईगीताला काय म्हणायचं?"

मशीनपाशी उभं राहून मी ते वाचलं आणि खो-खो हसलो. मग विचारलं, की अरे, ही तुझी सख्खी बहीण ना? म्हणूनच, तो म्हणाला. घरची म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं, हे कबूल करायला आज जड जातं. मी साठच्या साठ प्रती काढून दिल्या.

ती घरात काही बोलली नाही. दोन महिन्यांनी ड्रम विकले, एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायला लागली, पुढे वेगळी खोली घेऊन राहिली. सोळा वर्षं गेली.

गेल्या वर्षी याद्याचा टेप अडकला. त्याने तो गाळ्यातल्या टेबलावर उघडला. आतला, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा लोंबत होता. नवा पट्टा घातला आणि तपासायला खोक्यातली वरची कॅसेट लावली. ती बहिणीची निघाली. ड्रम सुरू झाले तेव्हा त्याला वाटलं, आपण पट्टा जरा जास्तच ताणून बसवला. मग कार्ड काढलं. पहिल्या गाण्यापुढे एक मिनिट बारा सेकंद लिहिलं होतं. घड्याळ लावून मोजलं, तर बरोबर एक मिनिट बारा सेकंद. म्हणजे इतकी वर्षं सैल पट्ट्याने टेपच हळू फिरत होता.

चेहरा पाडून तो माझ्याकडे आला. माझं डोकंच फिरलं. दिवसभर लोकांच्या काट्यांवर प्रमाणित वजनं ठेवून बघणाऱ्या माणसाला घरच्या टेपकडे एकदाही संशयाने बघावंसं वाटू नये? मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यातलं निम्मं माझ्यासाठीच होतं. मग तो म्हणाला, की रविवारी तिच्याकडे जातोय, तू बरोबर चल.

टेप काखोटीला मारून तो तिच्या खोलीत शिरला. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं आणि पहिलं गाणं लावलं. मी तिच्या हातांकडे बघत होतो. ते टेबलावर शांत पडून होते, एक बोटही हललं नाही. गाणं संपलं तसं याद्या म्हणाला, की यंदाच्या यादीत ही कॅसेट पहिली येणार.

"दादा, पट्टा सैल होता हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तू ऐकत होतास तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आमचाच आवाज, पण आजारी पडल्यासारखा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी तुला तीनदा गोडाऊनवर बोलावलं होतं. दोन गल्ल्या तर होत्या. पट्ट्याचं काय घेऊन बसलायस?"

याद्याने टेप बंद केला. मग तो हळूच म्हणाला, की आता कुठे वाजवलंस तर मी येईन, अगदी पुढे उभा राहीन.

ती त्याच्याकडे बघून हसली, रागाने नव्हे. "आता मला येत नाही रे, दादा," ती म्हणाली.