पेटी बोलेपर्यंत

जगात बरोबर वेळ फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्या आत्याच्या घरी राहतो, यावर त्या माणसाचा म्हणजे आमच्या आतोबांचा ठाम विश्वास आहे. बाकीचे आपण सगळे अदमासे जगतो. बस अदमासे येते, पाहुणे अदमासे जेवायला येतात, आणि सरकारी कचेरीबद्दल तर आतोबा अधिकारवाणीनेच बोलतात, कारण सारी हयात त्यांनी तिथेच काढली. भेटणाऱ्याला ते 'बरा आहेस ना' असं विचारत नाहीत. 'तुझ्या घड्याळात किती झाले?' असं विचारतात आणि उत्तर काहीही आलं तरी जिभेने च्च् करतात. हे च्च् मी लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे, दवाखान्याच्या रांगेत ऐकलं आहे, आणि एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याच्या पंगतीतही ऐकलं आहे.

आमच्या घराण्यात घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवायची चाल. कुणी पाडली ठाऊक नाही. पण सगळ्यांनाच दहा मिनिटांची लबाडी माहीत असल्यामुळे सगळेच मनातल्या मनात ती वजा करतात आणि व्हायचा तो उशीर होतोच. आतोबा निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी स्टुलावर चढून घरातल्या एकूणएक घड्याळांचे सेल काढले. "खोटं बोलणाऱ्या माणसाला आपण घरात ठेवतो काय? मग घड्याळाला का ठेवायचं?" तेव्हापासून त्या घरात हॉलमध्ये सव्वाचार वाजलेले असतात, स्वयंपाकघरात पावणेनऊ आणि देवघरात कायमचे बारा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आत्याला कंपवात झाला. गोळी वेळेवर पोटात गेली की आत्या सांबार करते, टोमणे मारते, गल्लीतल्या साऱ्या बातम्या ठेवते. गोळी चुकली की हातापायांत लाकूड भरल्यासारखी ताठून बसते. उठता येत नाही, घास तोंडाशी नेता येत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वेळ म्हणजे वेळ. मी लगेच तक्ता करून फ्रिजवर चिकटवला, खणांची डबी आणली आणि एक साधं गजराचं घड्याळ घ्या म्हणाले. आतोबा माझ्याकडे बघून दयाळूपणे हसले. "त्या घड्याळाला वेळ कोण सांगणार?"

उत्तर म्हणून त्यांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक मागवला. नुसती एक हिरवी पट्टी, वर चार खाचा आणि एक लुकलुकणारा दिवा. ती पट्टी त्यांनी मिठाईच्या डब्यात बसवली, तिला एक पडदा आणि एक स्पीकर जोडला आणि तिचं नाव ठेवलं पेटी. पेटी नेटवरून वेळ मागून घेई आणि गोळीच्या वेळी आतोबांच्याच आवाजात म्हणे, "अग, ऐकलंस काय? गोळी घे." हे एक वाक्य मनासारखं ध्वनिमुद्रित व्हायला अख्खी दुपार गेली, कारण दर वेळी आत्या आतून "आले, आले" म्हणून ओरडत होती. आपला मोबाइलही ते पेटीत बघून हाताने लावत. फोनला परस्पर दुसरीकडून वेळ घेऊ देणं त्यांना बेइमानीचं वाटे.

पेटीच्या पडद्यावर वेळेच्या खाली राहुकाळही येई. कारण वेळेच्या बाबतीत शास्त्रज्ञ असलेले आतोबा राहुकाळात पापडाचं नवं पाकीटही फोडत नाहीत. "विज्ञान आपल्या जागी, राहू आपल्या जागी," म्हणतात. एकदा आम्ही ओरत्तनाडूला लग्नाला निघालो, तर हे बसच्या दाराशी एक हात दांडीला लावून खाली उभे. "दोनच मिनिटं राहिलीत हो," असं ते कंडक्टरला समजावत होते. कंडक्टर तमिळमध्ये जे बोलला ते इथे देत नाही. घरात बायकापोरं हे वाचतील.

तर ही पेटी मधूनच गोळी चुकवायला लागली. रोज नाही, पंधरवड्यात एखाद्या दिवशी दुपारची हाक यायचीच नाही. आत्या ताठून बसायची, मग आतोबा धावत जाऊन पेटी बघायचे, तर पेटीत वेळ अगदी बिनचूक! असा चोर पकडणार कसा? त्यांनी केबल बदलली. राउटरमागे पालीची अंडी निघाली, ती बाहेर नेऊन ठेवली. राउटरचं तोंड पूर्वेला केलं. नेट कंपनीला फोन करून "तुमच्याकडून काळ नीट येत नाही" अशी तक्रार नोंदवली. पलीकडच्या मुलीने ती लिहून घेतली आणि बिलाबद्दल काही शंका आहे का, असं विचारलं.

अशात एका शुक्रवारी दुपारी मी वत्तकुळंबाचा, म्हणजे चिंचेच्या आंबट कालवणाचा, डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. सकाळी साऱ्या भागातला करंट गेला होता, तो बाराच्या सुमाराला परत आला होता. आत्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, बोटं आखडलेली. बाहेर आतोबा पेटीसमोर मांडी घालून, राउटरच्या बटणावर बोट ठेवून बसलेले. बटण बंद.

"आतोबा, आत्याची गोळी?"

"अजून वेळ आहे. राहुकाळ चाललाय. तो संपला की राउटर लावतो. नवीन काही सुरू करायचं नाही."

"अहो, एक वाजून गेला! शाळेत जेवणाची सुट्टी झाली, पोरांचा कालवा ऐकू येत नाही का?"

"शाळा आज लौकर सुटली. मगाचपासून मी तेच म्हणतोय, काही शिस्त उरली नाही."

मी पेटीकडे बघितलं. पेटीत अकरा चाळीस. मी आत्याला आधी गोळी दिली, मग आतोबांसमोर बसले आणि एकेक मुद्दा बोटावर मोजून दाखवला. पेटीला स्वतःचं घड्याळ नाही. करंट गेला की ती झोपते, आणि आला की जिथे झोपली तिथूनच पुढे मोजायला लागते. आज ती राहुकाळाच्या तोंडाशी, साडेदहाला, झोपली. जागी झाली तेव्हा खरा राहुकाळ संपला होता, पण पेटीचा सुरू झाला. नेटवरून खरी वेळ विचारावी, तर राउटर बंद. राउटर बंद, कारण राहुकाळ. आणि राहुकाळ आहे हे सांगतंय कोण? पेटी! शेवटी पेटीचे बारा वाजले की तुम्ही राउटर लावणार, पेटी खऱ्या वेळेवर टुणकन उडी मारणार, आणि मधल्या मध्ये गोळीची वेळ उडीखाली जाणार. मग तुम्ही पेटी तपासणार आणि नेट कंपनीला शिव्या देणार.

आतोबांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "अडडा." पुन्हा थोड्या वेळाने, "म्हणजे राहूचा काही दोष नाही."

"नाही. राहू निर्दोष सुटला."

आत गोळी लागू पडायला लागली होती. मी आत्याच्या बोटांना तेल चोळायला बसले आणि रागाने म्हणाले, "तुला कळत नाही होय? हात आखडायला लागला की मागून घ्यायची गोळी. पेटीची कसली वाट बघतेस?"

"कळतं की," आत्या म्हणाली. "पेटीच्या आधी बोटांना कळतं. पण हे एवढं जीव लावून करतात. मीच आधी घेतली तर त्यांची पेटी कशाला? बोलू दे म्हटलं, मग घेऊ."

बाहेर आतोबा राउटर लावत होते. बटण दाबल्याचा आवाज यायला बराच उशीर लागला.

पुढच्या आठवड्यात मी पेटीसाठी बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ मागवून दिलं. आता करंट गेला तरी पेटी काळ मोजत राहते. राउटरही करंट आल्याबरोबर लागतो. खंड पडलेलं काम पुढे चालवणं म्हणजे आरंभ नव्हे, असा निर्णय आतोबांनी स्वतःच दिला. पेटी चुकायचं काही कारण उरलेलं नाही.

तरी परवा गेले तेव्हा आतोबा पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आत्याच्या खुर्चीशी उभे होते. पेटीकडे पाठ, नजर तिच्या बोटांवर. बोटं आखडायला लागली होती. पेटी अजून बोलली नव्हती.

"बघ," ते मला हळूच म्हणाले, "पुन्हा मागे पडायला लागली ही. मागच्या महिन्यात एवढी नव्हती. जरा तपासशील काय?"

मी फोन काढून पेटीशी ताडून बघितला. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"होय आतोबा," मी म्हणाले, "थोडी मागे आहे." आणि जिभेने च्च् केलं.