मुक्ताची नोंद शोधताना

पुण्याहून आलेली बस खामगावला पोचली तेव्हा मुक्ता माझ्या खांद्यावर जागी झाली आणि अनोळखी स्टँडकडे टुकुटुकु पाहत राहिली. ती दीड वर्षाची आहे. तिची आई, माझी पत्नी रेखा, उन्हाळ्यात गेली. दवाखान्यांच्या धावपळीत मुक्ताचं लसीकरण कार्ड हरवलं. "नोंद मिळाली नाही तर लसी पहिल्यापासून द्याव्या लागतील," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणून तिला घेऊन रेखाच्या माहेरी, खामगावजवळच्या उंद्रीला निघालो होतो. मुक्ताचा जन्म तिथला. नऊ महिन्यांपर्यंतच्या लसी तिथेच टोचलेल्या.

उंद्रीच्या गाडीत दुधाची बाटली सांडली. शेजारच्या बाईंनी काही न विचारता पदराने मुक्ताचे पाय पुसले. बाहेर तुरी पिवळ्या फुलल्या होत्या.

सासूबाईंनी कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. मग मुक्ताला घेऊन आम्ही दोघं आरोग्य उपकेंद्रात गेलो.

सिस्टरांनी रजिस्टर दोनदा चाळलं. "मुक्ता नाव नाही जी. इथं टोचलंच नसंन."

मुक्ता माझ्या मांडीवर बसून त्यांचं पेन ओढत होती. तेवढ्या सगळ्या सुया पुन्हा, या एवढ्याशा मांडीत. मी तिला जवळ घेतलं.

"मुक्ता कशी सापडंन?" सासूबाई म्हणाल्या. "आत्या आल्याबिगर नाव ठेवता येते का? अन् इची आत्या आली पाचव्या महिन्यात. तवालोक (तोपर्यंत) रेखाची पोरगीच होती ते."

ती आत्या म्हणजे माझी बहीण.

"मंग बारशाचा पेढा मले काऊन नाही देल्ला मावशी?" सिस्टरांनी विचारलं.

"तूच सुट्टीवर होती, बाई."

सिस्टर हसल्या आणि मागची पानं उलटू लागल्या. 'रेखाची मुलगी'. त्या नावापुढे एकेक लस ओळीने भरलेली होती. बारशानंतरही कोणी नाव बदललं नव्हतं.

नव्या कार्डावर सगळं उतरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रजिस्टरातलं जुनं नाव खोडू का जी?"

"राहू द्या. खाली मुक्ता लिहा," मी म्हणालो.

दीड वर्षाची लस बाकी होती. ती तिथेच टोचली. मुक्ताने टाहो फोडला. "झालं वं माय, झालं," सिस्टर म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर तिला थोडी कणकण होती. माझ्या छातीवर ती झोपून राहिली.

पुण्याच्या डॉक्टरांनी कार्ड वाचून परत दिलं. "सगळं वेळेवर झालंय. पुढची लस आता पाच वर्षांची झाली की."

रेखा गेल्यापासून मी उद्याच्या पलीकडे पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून पाच वर्षांची मुक्ता डोळ्यांपुढे आणून पाहिली. उंची जमली, दोन वेण्याही जमल्या. चेहरा मात्र रेखाचाच येत राहिला.