बुधवारचा उपवास

देवीशी माझा अबोला होता. ती कोण, आपण कोण, हे कळत असूनही होता. आमचे हे गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या आजारपणात मी महाद्वारातून आत जाऊन जे मागायचं ते पदर पसरून मागितलं, आणि तिनं दिलं नाही, एवढंच कारण. मी राहते ती पेठ अंबाबाईच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. भाजीला जायचं तर वाटेत शिखर दिसणारच. म्हणून मी दोन वर्षं लांबच्या मंडईतली शिळी भाजी आणून खाल्ली, पण तो रस्ता धरला नाही. शुक्रवारचा उपवास मात्र सोडला नव्हता. भांडण देवीशी होतं, साबुदाण्याच्या खिचडीशी नव्हतं.

आमच्या नात्यागोत्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. बारसं असो की बारावं, चार माणसं जमली की मला मध्ये बसवतात, आणि मी सांगताना मीठमसाला जास्त घालते हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट मात्र मी अजून कुठल्या बारशाला सांगितलेली नाही. हिच्यात हसं माझंच आहे, आणि मसाला घालायला कुठे जागाच नाही.

एकट्या माणसाच्या घरात संध्याकाळ फार लांब असते. दोन भाकरींचं पीठ मळायला घेतलं की मनात येई, कुणासाठी? हे होते तेव्हा समोर बसून पहिल्या घासाला म्हणायचे, ‘मीठ जास्त झालंय.’ सत्तावीस वर्षं त्या वाक्याचा मला राग होता. ते म्हणणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मी रात्रीचा स्वयंपाकच सोडला. चहात खारी बुडवायची, उभ्यानंच खायची आणि दिवा मालवायचा. मुलगा बेंगळुरूहून रोज फोन करतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘आई, जेवलीस?’ आणि माझं उत्तरही ठरलेलं, ‘जेवले.’ दोन वर्षं मी पोटच्या पोराशी रोज एकदा खोटं बोलत होते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुपारी एक वाजला की वाचनकक्ष रिकामा होतो. पोरं कँटीनला, मेसला पांगतात. मी टेबलावर डबा उघडून बसते. डब्यात बहुतेक कोरडा चिवडाच. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की खिडकीजवळच्या खुर्चीवरची एक मुलगी एक वाजताही उठत नाही. चंदगड तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव सानिका. मधूनच उठून कूलरचं पाणी प्यायची आणि परत पुस्तकात डोकं घालायची.

एका सोमवारी मी विचारलं, “जेवायला नाही गेलीस?”

“उपवास हाय, मॅडम. सोमवार.”

मंगळवारी विचारलं तर देवीचा. गुरुवारी दत्ताचा. शनिवारी मारुतीचा. मी थक्क झाले. आजकालच्या पोरींमध्ये एवढी श्रद्धा! माझ्या उपवासाला खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस असा थाट. ही नुसत्या पाण्यावर. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा झाकायला मी तिचं कौतुक सुरू केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना सांगायचे, “बघा, शिका जरा.” ती मान खाली घालायची. मला वाटायचं, विनय.

पुढे तर मी कळसच केला. आपलं देवीशी बोलणं नाही, पण हिचं ती ऐकत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. एका शुक्रवारी मी खण, नारळ आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. म्हटलं, “माझ्या नावानं ओटी भर, नैवेद्य दाखव. सांग तिला, मी रागावलेय, पण येईन कधीतरी.” दोन वर्षांनी मी समेटाला माणूस धाडलं होतं. ती पुड्याकडे बघत “व्हय” म्हणाली आणि गेली.

त्यानंतरचा बुधवार. एक वाजला, ती जागची हलली नाही. मी आपल्या अधिकारवाणीत विचारलं, “आज कुणाचा गं?” वाचनकक्षात अजून चारपाच पोरं होती.

“उपवास हाय,” ती म्हणाली.

“अगं, पण बुधवारचा कुणाचा?”

“गणपतीचा.”

“गणपतीचा मंगळवार. तो तर तू कालच केलास.” मला खरंच माहिती हवी होती हो, नवीन व्रत कळलं तर करावं म्हणून मी विचारत होते. पण मागची पोरं हसली. सानिकाचे कान लाल झाले. तिनं वह्या गोळा केल्या, माझ्या टेबलाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, “मॅडम, खण-नारळ ठेवला देवीम्होरं. पेढे मी वाटंतच खाल्ले. तिच्यापतुर पोचलेच न्हाईत.” आणि निघून गेली.

एवढं होऊनही माझ्या डोक्यात उजेड पडायला आमचे तात्या लागले. तात्या ग्रंथालयाचे शिपाई, निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, “मॅडम, सगळ्यास्नी ठावं हाय. आई काजूच्या कारखान्यात जाती, बाप न्हाई. आठवड्यातनं दोनतीन दिवस डबा मागवती पोरगी. बाकीचं दिवस पाणी.”

“मग तात्या, मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही तिचं कौतुक करत हुता की. मोडू कुठं?”

कॉलेजात गरजू विद्यार्थ्यांसाठी जेवणाची कूपन असतात, हे मला माहीत होतं. ती का घेत नाही, विचारलं. तात्या म्हणाले, अर्ज कार्यालयाच्या खिडकीवर रांगेत उभं राहून द्यायचा, आणि वर मोठ्या अक्षरात ‘गरजू’ असं लिहिलेलं. पोरगी एकदा रांगेत लागली होती. पुढं वर्गातली पोरं दिसली, तशी परत फिरली.

त्या संध्याकाळी मी खारी तशीच डब्यात परत ठेवली. ती पोर उपाशीपोटी खोटं बोलत होती, आणि मी भरल्या डब्याच्या मागे बसून तिच्या भुकेला टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची खुर्ची रिकामी. शुक्रवारीही रिकामी. परीक्षा दहाबारा दिवसांवर आलेली. शनिवारी मी नोंदवहीतून पत्ता काढला आणि चांगला चार पुडांचा डबा घेऊन तिच्या खोलीवर गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. मागे खोलीतल्या दोन मुली डब्याकडे बघत होत्या.

“नको मॅडम. माझं झालंय,” ती म्हणाली. दार लागलं. मी डबा घरी आणला आणि ओट्याशी उभी राहून एकटीनं खाल्ला. इतकं बेचव अन्न मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि ते माझ्याच हातचं होतं.

पुढचा बुधवार उजाडला तेव्हा मला काही सुचेना. रजा टाकली आणि पाय नेतील तिकडे निघाले. त्यांनी मला बरोबर त्या टाळलेल्या रस्त्यावर नेलं. देवळात गर्दी बेताची होती. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, पण दोन वर्षांचा अबोला असा एकदम मोडत नाही. नुसते हात जोडले. मनात एवढंच आलं, मला द्यायची पण अक्कल नाही, आता तूच बघ. बाहेर येऊन घाटी दरवाज्याजवळच्या कट्ट्यावर बसले. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं.

शेजारी एक बाई फडकं सोडत होती. साठीची असेल. हातात हिरव्या बांगड्या, पायाला वाटेची धूळ. फडक्यात भाकरी, खर्डा आणि कांदा.

“ओ ताई, जरा बसता काय माझ्यासंगट?” ती म्हणाली. “कालचा मंगळवार सोडायचाय अजून. एकटीनं सोडवंना झालाय.”

मी अगदी सवयीनं म्हणाले, “नको, माझं झालंय.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. असं की मला आपली खारी तिला दिसतेय असं वाटलं. “तुमचं झालं असंल की,” ती म्हणाली. “माझं न्हाई झालं. माझ्यासाठी बसा.”

आणि तिनं चतकोर भाकरी माझ्या तळहातावर ठेवली. मी खाल्ली. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, मग ते थांबेना. आणि ती बाई काहीएक न विचारता मलकापूरकडच्या यंदाच्या भाताबद्दल बोलत राहिली. मी तिच्यावर उपकार करतेय अशा थाटात जेवत होते. चतकोर संपली तेव्हा कळलं की उपकार उलट्या बाजूनं वाहतोय, आणि तरी मला मान खाली घालावी लागलेली नाही. नळावर हात धुवायला गेले आणि परत आले, तर कट्टा रिकामा होता. एवढी माणसं येतात-जातात; तीही गेली असेल. मी काही म्हणत नाही. त्यानंतर कितीतरी मंगळवार-बुधवार त्या कट्ट्याशी जाऊन बघितलं, ती दिसली नाही, एवढंच सांगते.

तिथून निघाले ते जवळच्या मंडईतूनच. ताजी मेथी घेतली. घरी येऊन दोन वर्षांनी दोन माणसांचा पुरता स्वयंपाक केला: भाकरी, मेथी, मुगाची उसळ, भात, थोडी खीर. दोन पानं मांडली आणि सानिकाच्या खोलीवर गेले. या वेळी हात मुद्दाम रिकामे ठेवले होते.

दारातच पिशवी बांधून ठेवलेली. ती म्हणाली, “संध्याकाळच्या एस्टीनं गावाकडं चाललोय, मॅडम. परीक्षा पुढल्या साली देईन म्हणतोय.” आवाजात रडू नव्हतं, ते जास्त वाईट होतं. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस, मी आहे, मला माफ कर. त्यातलं काही बोलले असते तर दार पुन्हा लागलं असतं.

“सानिका, माझा उपवास सोडायचाय,” मी म्हणाले. “एकटीनं सोडवत नाही. येतेस?”

“माझं झालंय.”

“तुझं झालं असेल. माझं नाही झालं. माझ्यासाठी चल.”

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “आज बुधवार हाय, मॅडम. बुधवारचा कुणाचा असतोय?”

“तुझा होता तोच,” मी म्हणाले.

तिनं चपला घातल्या. पिशवी तिथेच राहिली.

पानावर बसल्यावर तिनं आधी घास मोडून बाजूला ठेवला, मग खायला लागली. भुकेलं माणूस घाईनं खातं असं मला वाटायचं. ती फार सावकाश खात होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीकडे बघत जेवत होते. दुसरी भाकरी मोडताना ती म्हणाली, “काकू, राग नका मानू. मीठ जरा जास्त झालंय.”

मी उठून आत गेले. दही आणायला गेले होते असं तिला सांगितलं.

ती त्या संध्याकाळी गावाला गेली नाही. परीक्षा दिली. बुधवार माझा ठरला. पुढे तात्यांच्या बायकोनं शनिवार घेतला, कार्यालयातल्या दोघींनी सोमवार आणि गुरुवार. एकीच्या जागी आता तीनचार पोरी येतात, एक मुलगाही आहे. अर्ज नाही, रांग नाही. निरोप एवढाच जातो: ‘उपवास सोडायला या, घरी सोबत नाही.’ हे खोटं आहे असं मी सुरुवातीला समजत होते. एका बुधवारी पोरींची सहल होती, कुणी आलं नाही. मी पान वाढून घेतलं आणि मला खरंच जेवता येईना. तेव्हा कळलं, निमित्त म्हणून सांगितलेलं व्रत देवीनं खरं करून घेतलंय.

मी जे मागितलं होतं ते तिनं दिलं नाही. का, ते मला अजून समजत नाही, आणि घरी संध्याकाळ अजूनही लांबच असते. पण मी आता विचारत नाही. ते पेढे पोचले नाहीत असं ती पोर म्हणाली होती. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत माझं एवढंच काय ते तिच्यापर्यंत पोचलं, आणि तेही मी न जाता, मला न कळता. आपण हात मोकळा सोडायचा. कुणाच्या तोंडी घास घालायचा ते तिचं तिला कळतं.

परवा बुधवारी मुलाचा फोन आला. “आई, जेवलीस?”

“नाही रे अजून,” मी म्हणाले. “थांबलेय. पोरी यायच्यात.”